अडथळा आला म्हणजे देव ‘नाही’ म्हणाला का?

वाचक भगिनीचं पत्र :

प्रिय ताई, प्रभूमध्ये सलाम. मी २८ वर्षांची स्टाफ नर्स आहे. घर जालना जिल्ह्यात, नोकरी छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी हॉस्पिटलात. दोन वर्षांपासून जर्मनीला जाण्याची तयारी करते आहे. थर्टी फर्स्टच्या रात्रीच्या उपासनेत सगळ्यांनी नव्या वर्षासाठी बायबलमधल्या वचनाची चिठ्ठी काढली, तेव्हा मला यिर्मया २९:११ आलं, ‘तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत’. मला वाटलं, देवाने शिक्काच मारला. त्यानंतर एकेक सुरू झालं. जर्मन भाषेच्या बी-टू पातळीच्या परीक्षेत चारपैकी तीन भाग निघाले, लेखनात नापास झाले. ज्या एजंटकडे ८० हजार भरले होते, त्याचं ऑफिस बंद झालं. आणि ऑगस्टमध्ये बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. आता काठी धरून चार पावलं टाकतात. भाऊ पुण्याला असतो, वहिनीला दिवस गेलेत. चर्चच्या मंडळीतल्या एक काकू म्हणतात, देवाने तीनदा दार लावलं, अजून कितीदा सांगायचं त्याने? एक वडीलधारे बंधू म्हणतात, हा सैतानाचा अडथळा आहे, २१ दिवस उपवास कर आणि मागे हटू नकोस. आई म्हणते, तू जाते जाते म्हणालीस म्हणून बाबांनी हाय खाल्ली. ताई, ड्युटीवरून घरी आले तरी झोप लागत नाही. देव मला थांबवतोय की माझी परीक्षा बघतोय? कसं ओळखू? मला तुमची मुलगी समजून सांगा.

*

प्रिय मुली,

तुझ्या प्रश्नाकडे येतेच, पण आधी बाबांविषयी बोलू. अर्धांगवायू कशाने होतो ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. वाढलेला रक्तदाब, साखर, मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी. वॉर्डात एखाद्या पेशंटची मुलगी रडत तुझ्याकडे आली आणि म्हणाली, “सिस्टर, माझ्यामुळे झालं हो हे,” तर तू तिला काय सांगशील? तेच स्वतःला सांग. आई घाबरली आहे. घाबरलेलं माणूस कारण शोधतं आणि जे हाताशी सापडेल त्याच्यावर ठेवतं. तिच्याशी वाद घालू नकोस, पण तिचं ते वाक्य खरं मानून उशाशीही घेऊ नकोस.

तू लिहिली नाहीस अशी एक भीती मला तुझ्या पत्रात दिसते. तुला थांबवायचं म्हणून देवाने बाबांना पाडलं, असं तर नसेल ना? मुली, असं मानू नकोस. लूकच्या १३व्या अध्यायात येशू शिलोहातल्या बुरुजाची गोष्ट काढतो. तो कोसळून १८ माणसं मेली होती. येशू विचारतो, ती माणसं यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारलं, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? तिथेही त्याने दोन्ही पर्याय नाकारले आणि त्या माणसाचे डोळे उघडले. हे उतारे आपण वर्षानुवर्षं ऐकतो, आणि तरी कुणाच्या घरी आजारपण आलं की आपल्यातच कुजबूज सुरू होते. मला याचं फार वाईट वाटतं. मुलीला एक निरोप पोचवायचा म्हणून बापाचा हात आणि पाय घेणारा देव येशूने आपल्याला कधीच दाखवला नाही.

आता काकू आणि ते बंधू. दोघंही तुझ्यावर माया करणारी माणसं असणार. एक म्हणतं थांब, दुसरं म्हणतं लढ. पण दोघांचं गृहीत एकच आहे, की अडथळा म्हणजेच देवाचं बोलणं आणि आपण फक्त त्याचा अर्थ लावायचा. मला हे गृहीतच मान्य नाही. अडथळा आला एवढ्यावरून देवाच्या इच्छेविषयी काहीच ठरत नाही. हे मी मनाने सांगत नाही. येशूची सुवार्ता सांगत फिरलेल्या प्रेषित पौलाचा प्रवास वाचून सांगते.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६. पौल, सीला आणि तरुण तीमथ्य निघाले आहेत. आशिया नावाच्या रोमी प्रांतात जाऊन वचन सांगायचं, तर पवित्र आत्म्याने मना केलं. मग फ्रुगिया-गलतियातून ते मुसियाच्या सीमेपर्यंत गेले आणि उत्तरेला बिथुनियात शिरायला लागले. येशूच्या आत्म्याने तिथेही जाऊ दिलं नाही. नकाशा काढून बघ. शेकडो मैल पायी चालणं आहे ते. आणि या सगळ्या वाटेवर ‘इथे नको’ एवढंच कळतंय. मग कुठे, ते कुणी सांगत नाही. चालत चालत ते समुद्राला लागले, त्रोवसला. पुढे जमीनच संपली. तिथे रात्री पौलाला दृष्टान्त झाला. मासेदोनियाचा कुणी माणूस उभा राहून विनवतोय, इकडे येऊन आम्हाला साहाय्य कर.

आपण इथपर्यंत वाचतो आणि म्हणतो, बघा, देवाने शेवटी दार उघडलं. पुढचंही वाच ना. दृष्टान्त एकट्या पौलाला झाला, पण निर्णय सगळ्यांनी मिळून घेतला. देवाने आम्हाला बोलावलं आहे असं आम्ही अनुमान केलं, असं तिथे लिहिलं आहे. स्वप्न पडलं, मग बसून विचार झाला, मग तारवात बसले. आणि मासेदोनियातल्या फिलिप्पैला पोचल्यावर? थोड्याच दिवसांत पौल आणि सीला यांना भर बाजारात फटके बसले आणि पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकलं गेलं. देवाने स्वतः दाखवलेल्या वाटेवर हे झालं. तुझ्या काकू तिथे असत्या तर म्हणाल्या असत्या, चुकीच्या गावात आलात, परत फिरा.

अजून एक गोष्ट आहे, ती वाचताना मला दर वेळी आनंद होतो. फिलिप्पैत नदीकाठी पहिल्यांदा जिचं अंतःकरण प्रभूने उघडलं ती लुदिया, जांभळी वस्त्रं विकणारी, ती होती थुवतीरा गावची. थुवतीरा आशिया प्रांतातलं, म्हणजे पौलाला जिथे जाऊ दिलं नव्हतं तिथलंच. पुढे काही वर्षांनी हाच पौल आशियातल्या इफिसात दोन वर्षांहून जास्त राहिला. पहिला नकार त्या प्रांताला कायमचा नव्हता. तो त्या वेळेपुरता होता. पण हे बिथुनियाच्या सीमेवर उभं असताना त्याला कसं कळणार?

पौलाला दर वेळी आत्म्यानेच अडवलं असंही नाही. थेस्सलनीकाकरांना तो लिहितो, मी एकदा नव्हे दोनदा तुमच्याकडे यायचं ठरवलं, पण सैतानाने अडवलं. रोमच्या मंडळीला लिहितो, तुमच्याकडे यायला पुष्कळदा अडथळा आला, आणि तिथे कारण साधं होतं, दुसरीकडचं काम संपत नव्हतं. इफिसहून करिंथकरांना लिहितो की माझ्यासाठी मोठं दार उघडलं आहे, आणि त्याच दमात सांगतो की विरोध करणारेही पुष्कळ आहेत. म्हणजे उघडं दार आणि अडचणी एकाच वेळी असू शकतात. आणि नंतर पुन्हा त्रोवसला आला तेव्हाचं तर फार कमी लोकांच्या लक्षात असतं. तिथे प्रभूने आपल्यासाठी दार उघडलं होतं, असं तो दुसऱ्या करिंथकर पत्रात सांगतो. पण तीत नावाचा त्याचा सोबती भेटला नाही म्हणून त्याच्या जिवाला चैन पडेना, आणि उघडं दार सोडून तो पुढे निघून गेला. एका माणसाच्या काळजीपोटी! त्यासाठी कुणी त्याला अविश्वासू म्हटल्याचं मी वाचलेलं नाही.

तेव्हा बाबांसाठी तू काही महिने थांबलीस तर तो विश्वासातला कमीपणा नाही. आणि नंतर गेलीस तर तो बंडखोरपणाही नाही.

आता तुझी वचनाची चिठ्ठी. ती काढू नये असं मी म्हणत नाही, मध्यरात्रीच्या त्या उपासनेत मीही काढते. पण यिर्मयाचा २९वा अध्याय एका बैठकीत पूर्ण वाच. ते एक पत्र आहे, यरुशलेमेतून बाबेलमध्ये धरून नेलेल्या यहूदी लोकांना लिहिलेलं. त्यांना घरी परतायची घाई झाली होती. हनन्या नावाचा संदेष्टा आदल्याच अध्यायात सांगत होता, दोन वर्षांत सगळं परत येईल, आणि लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मया लिहितो, नाही, ७० वर्षं लागतील. घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा, मुलामुलींची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ‘तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत’ हे वाक्य याच्या नंतर येतं. ते वचन तुझ्यासाठीही खरं आहे. पण ते जर्मनीच्या व्हिसाचं आश्वासन नव्हतं, आणि ज्यांना ते पहिल्यांदा मिळालं त्यांच्यातल्या बहुतेकांनी आपलं गाव पुन्हा पाहिलंही नाही. वचन मोडलं म्हणून तुला जो धक्का बसला आहे, तो त्या वचनात आपण भलतंच वाचल्यामुळे बसला आहे.

पंडिता रमाबाईंचं सांगते. केडगावच्या मुक्ती मिशनमुळे नाव तुला माहीत असेलच, पण त्यांची मूळ योजना मुक्ती मिशन नव्हती. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. १८८२ साली नवरा गेला, पदरात लहान मुलगी, आणि त्याच वर्षी पुण्यात शिक्षण आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली की या देशातल्या बायकांना स्त्री डॉक्टरांची गरज आहे. नुसतं सांगून थांबल्या नाहीत. एक मराठी पुस्तक लिहिलं, त्याच्या पैशातून तिकिटाची सोय केली आणि १८८३ मध्ये वैद्यक शिकायला इंग्लंडला गेल्या. तिथे बाप्तिस्मा घेतला. आणि तिथेच डॉक्टर होण्याचं संपलं, कारण त्यांना ऐकू कमी येत होतं. पैसा कमी पडला नव्हता, बुद्धी तर नाहीच नाही. कानच साथ देईनात. अशा अडथळ्यापुढे उपास करून किंवा हट्ट धरून काय होणार?

त्या मग चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवू लागल्या आणि स्वतःही शिकत राहिल्या. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या. जी पदवी आपल्याला हवी होती ती दुसरी मराठी बाई घेते आहे, आणि रमाबाई समोर बसून बघताहेत. काय आलं असेल मनात? गेल्या होत्या त्या समारंभासाठी, पण राहिल्या दोन वर्षांहून जास्त. बालशिक्षणाची पद्धत शिकल्या, गावोगाव व्याख्यानं दिली, उच्चवर्णीय हिंदू बायकांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी संस्था उभी राहिली. मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं.

इथे गोष्ट संपवली तर छान वाटेल, पण तसं झालं नाही. सदन पुण्याला नेलं आणि १८९३ साली धर्मांतराच्या वादात सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. नंतर मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई स्वतः जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या, तर पुण्यात प्लेग! निर्बंधांमुळे त्या मुलींना शहरात ठेवता येईना. मग नेलं केडगावला, जिथे सदनाला उत्पन्न व्हावं म्हणून फळझाडांसाठी जमीन घेतलेली होती. मुक्ती सदन उभं राहिलं ते तिथे. आणि शेवटी, ज्या मुलीने हे काम पुढे न्यायचं ती मनोरमा १९२१ मध्ये आईआधी गेली. रमाबाई पुढच्या एप्रिलमध्ये गेल्या, हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या बायबल भाषांतराचं काम शेवटपर्यंत करून.

मनोरमाच्या मृत्यूमागे देवाची काय योजना होती ते मला माहीत नाही, आणि कुणी मला ती समजावून सांगायला लागलं तर मी उठून जाईन. पण एक दिसतं. पुण्यात आयोगासमोर बोलताना रमाबाईंना बायकांचं दुःख हलकं करायचं होतं. डॉक्टरकी हा त्यासाठी त्यांनी काढलेला मार्ग होता. कानांनी मार्ग बंद केला. कशासाठी जायचं ते मात्र अडथळ्यांच्या हाती लागलं नाही. पौलाचंही तेच. सुवार्ता सांगायची होती, बिथुनियाचा हट्ट नव्हता.

म्हणून तुझं पत्र पुन्हा वाचलं, आणि माझ्या लक्षात आलं की तुला जर्मनीला का जायचं आहे, ते तू कुठेच लिहिलेलं नाहीस. घरावर कर्ज आहे? इथल्या पगारात भागत नाही? चांगलं नर्सिंग शिकायचं आहे? की बरोबरच्या मैत्रिणी गेल्या, इन्स्टाग्रामवर त्यांचे बर्फातले फोटो बघून वाटतं? की घरापासून, लग्नाच्या विषयापासून जरा लांब जायचं आहे? यातलं कुठलंच कारण पाप नाही. पगार वाढावा असं नर्सला वाटलं तर त्यात लाजण्यासारखं काय आहे, रात्ररात्र जागून किती मिळतं ते मला ठाऊक आहे. पण कारण कळल्याशिवाय पुढचं ठरवता येणार नाही. ‘तू दाखवशील तिथे जाते’ असं आपण प्रार्थनेत म्हणतो तेव्हा आपल्याला काय हवं आहे, तेही देवापुढे उघडं करावं लागतं. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेही आधी स्वतःची इच्छा सांगितली, हा प्याला टळू दे. पित्याच्या इच्छेची गोष्ट त्याच्या नंतर.

तोवर तुझे तीन अडथळे वेगवेगळे काढून बघ. तू तिघांचं मिळून एक गाठोडं केलं आहेस आणि ते उचलत नाही म्हणून रडते आहेस.

परीक्षा हा अडथळाच नाही. गोएथे इन्स्टिट्यूटची बी-टू असेल तर तिचे चारही भाग सुटे देता येतात. ६० टक्के लागतात आणि राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. तुझं लेखन कच्चं आहे. त्याला सराव पाहिजे, रोज एक पत्र किंवा एक मत लिहून शिक्षकांकडून तपासून घेणं पाहिजे. यात देवाचा नकार शोधू नकोस.

एजंटचं प्रकरण म्हणजे फसवणूक आहे. अन्यायाला देवाची इच्छा म्हणून गप्प बसणं मला पटत नाही. पावत्या, बँकेच्या नोंदी, व्हॉट्सअॅपचे मेसेज गोळा कर आणि पोलिसांत तक्रार दे, भावाला बरोबर घेऊन जा. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला सरकारी नोंदणी लागते, ती ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येते, आणि उमेदवाराकडून त्याला जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. ८० हजार मागितले तिथेच कळायला हवं होतं, असं तुला कुणी म्हणेल. तू मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या वेळी नोंदणी क्रमांक आधी विचार.

राहिले बाबा. हा खरा प्रश्न आहे आणि इथे घाई नको. झटक्यानंतरचे पहिले काही महिने सुधारणेला सगळ्यात महत्त्वाचे असतात, हे तू जाणतेस. ते चार पावलं टाकतात ही मोठी गोष्ट आहे. फिजिओथेरपी चुकू देऊ नकोस, बीपीच्या गोळ्यांवर लक्ष ठेव. जर्मनीचा निर्णय सहा महिन्यांनी घ्यायचा असं ठरवून टाक आणि तसं घरात सांग, म्हणजे आईलाही रोज धास्ती राहणार नाही. या काळात लेखनाचा पेपर दे. तो पास झाल्याने तुझं कुणी तिकीट काढणार नाही, पण नापासाचं ओझं उतरेल.

उपवासाविषयी. नाइट ड्युटी करणाऱ्या नर्सने २१ दिवसांचा कडक उपवास करू नये. तुझ्या हातात दुसऱ्यांची सलाईन आणि इंजेक्शनं असतात. यशयाच्या ५८व्या अध्यायात देवाला कसला उपवास आवडतो ते वाच, म्हणजे बाबांचं अंग पुसताना तुला वेगळं काही करायची गरज वाटणार नाही. त्या बंधूंना नम्रपणे सांग, दादा, तुम्ही प्रार्थना करा, मी जेवून ड्युटीला जाते.

आणि भाऊ. वहिनीला दिवस गेलेत हे खरं, पण बाबा त्याचेही आहेत. मुलगी, त्यातून नर्स, म्हणून सगळं तुझ्यावर येतं आहे, आणि तू न बोलता घेते आहेस. मार्क ७ मध्ये येशू अशा लोकांवर चिडतो, जे देवाला अर्पण केलं असं सांगून आईबापांची जबाबदारी टाळत होते. ही आज्ञा मुलगा-मुलगी दोघांना आहे. त्याला फोन करून भांडू नकोस. महिन्याला फिजिओचा आणि औषधांचा खर्च किती, ते आकडे त्याच्यापुढे ठेव, त्यातला किती तो उचलणार ते विचार, आणि तू गेलीसच तर बाबांना पुण्याला नेता येईल का, की जालन्यातच कुणी मदतीला ठेवावं लागेल, हेही आत्ताच बोलून घे. बाबांनाही विचार. उजवी बाजू गेली असली तरी लेकीने काय करावं याबद्दल त्यांचं म्हणणं असेलच, आणि तुझ्या पत्रात सगळ्यांची मतं आहेत, फक्त त्यांचं नाही.

पाळकसाहेबांकडे एकदा जा, आईला घेऊन. हाय खाल्ल्याची गोष्ट त्यांच्यासमोर निघाली तर तिलाही रडून मोकळं होता येईल.

मग मला पुन्हा लिही, आणि या वेळी पहिल्या ओळीत हे लिही की तुला का जायचं आहे.

तुझी,
ताई